पेशीला ‘थांब’ म्हणणारी प्रथिने

नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाईच्या पायथ्याशी, अकोले तालुक्याचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. निवृत्तीनंतरच्या काळात डॉ. कमल रणदिवे या ज्येष्ठ संशोधिकेने या तालुक्यातील आदिवासी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा करण्याचे काम हाती घेतले. खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे आणि आहाराचे प्राथमिक ज्ञान देण्याचे कामही त्यांच्या संस्थेमार्फत चालत असे. मुलांची वजने नोंदविणाऱ्या या बाईंना १९८२ साली ‘पद्मभूषण’ मिळालेले होते आणि त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे एका वेगळ्याच प्रश्नामागे गेली होती, हे त्या पाड्यांवर फार थोड्यांना ठाऊक असेल. तो प्रश्न असा की, शरीरातील एखादी पेशी वाढावयाचे थांबत का नाही?

कमलताईंचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलीने मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राची वाट धरली. लग्नानंतर मुंबईत आल्यावर टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. काचेच्या बशीत सजीव पेशी जोपासण्याची कला तेथे शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती या देशातील अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. उंदरांच्या विशिष्ट वंशांवर काम करून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध असतो, हे आग्रहाने मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्यांची गणना होते.

काचेच्या बशीत पेशी वाढविणाऱ्याला एक गोष्ट लवकरच दिसून येते. निरोगी पेशी बशीच्या तळाशी पसरत जातात, दुभंगतात, एकीच्या दोन आणि दोहोंच्या चार होतात. परंतु एकमेकींना चिकटून तळ भरला, की त्या थांबतात. शेजारणीचा स्पर्श झाला म्हणजे जागा संपली, हे त्यांना उमगते. कर्करोगाच्या पेशींना हे उमगत नाही. त्या एकमेकींच्या अंगावर चढतात, थरावर थर रचतात आणि अन्नरस मिळेल तोवर वाढत राहतात. वाढणे हा पेशीचा स्वभाव आहे; थांबणे हे मात्र तिला कोणीतरी सांगावे लागते. हे सांगणारी प्रथिने सस्तन प्राण्यांच्या प्रत्येक पेशीत असतात, ही जाणीव पक्की होण्यास विसाव्या शतकाचा बराचसा काळ जावा लागला.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. कातडी, आतड्याचे अस्तर, रक्त यांतील पेशी सतत झिजतात आणि नव्या तयार होतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळी सुमारे सहाशे कोटी अक्षरांचा आनुवंशिक मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा लागतो. एवढ्या मोठ्या नकलेत चुका राहणारच. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी लिहिली गेली, त्यांना याचे नवल वाटणार नाही. चूक होणे टळत नाही. ती पुढच्या पानावर जाण्याआधी सापडते की नाही, यावर सारे अवलंबून असते.

या पहारेकऱ्यांपैकी पहिल्याचा माग एका दुर्मीळ बालरोगावरून लागला. लहान मुलांच्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर होणाऱ्या कर्करोगाला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. आल्फ्रेड नड्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७१ साली अशा ४८ मुलांची कागदपत्रे समोर ठेवून निव्वळ आकडेमोड केली. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांना आजार लवकर होत होता आणि त्यांच्या घराण्यात तो अनेकदा पूर्वीही झालेला होता. एकाच डोळ्यात गाठ असलेल्यांना तो उशिरा होई आणि घराण्यात त्याचा मागमूस नसे. नड्सन यांनी अनुमान काढले, की प्रत्येक पेशीत या कामाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही बिघडल्या तरच गाठ होते. काही मुले एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्माला येतात, म्हणून त्यांच्या बाबतीत दुसरा एकच आघात पुरतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता, केवळ वये आणि गाठींची संख्या मांडून काढलेला हा निष्कर्ष पुढे तंतोतंत खरा ठरला. १९८६ साली ते जनुक हाती आले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला त्या रोगावरूनच ‘आरबी’ हे नाव पडले.

आरबीचे काम समजावयास कठीण नाही. विभाजनाची तयारी सुरू करणारी काही प्रथिने पेशीत असतात. आरबी त्यांना घट्ट धरून ठेवते. बाहेरून वाढीचा योग्य निरोप आला, की सीडीके-४ आणि सीडीके-६ ही विकरे आरबीवर फॉस्फेटचे कण चिकटवितात. तिची पकड सैल होते आणि पेशी विभाजनाकडे पाऊल टाकते. काम उरकले, की आरबी पुन्हा पूर्वस्थितीला येते. आरबी नष्ट झाली, तर हा दरवाजा कायमचा सताड उघडा राहतो.

दुसऱ्या पहारेकऱ्याची कथा अधिक विलक्षण आहे. १९७९ साली निरनिराळ्या देशांतील संशोधकांना एक प्रथिन सापडले. त्याचे वजन मोजता ५३ हजार डाल्टन भरले, म्हणून त्याला ‘पी-५३’ म्हणू लागले. (ते मोजमापही चुकीचे होते, खरे वजन त्याहून बरेच कमी आहे. पण नाव पडले ते पडले.) कर्करोगाच्या पेशींत हे प्रथिन मोठ्या प्रमाणात आढळत असे, तेव्हा तेच कर्करोगाला चिथावणी देते, असा तर्क झाला आणि तो तब्बल दहा वर्षे टिकला. प्रयोगशाळांत ज्या जनुकाच्या प्रती वापरल्या जात होत्या, त्या मुळात बिघडलेल्या होत्या, हे १९८९ च्या सुमारास ध्यानात आले. निर्दोष पी-५३ पेशीत घातले, तर पेशीची वाढ थांबते. दशकभर चोर म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते, तो खरा पहारेकरी निघाला. विज्ञानाच्या इतिहासात आरोपीच्या पिंजऱ्यातून थेट न्यायासनावर बसलेली अशी उदाहरणे विरळाच.

एरवी पी-५३ पेशीत फारसे नसते. तयार होताच काही मिनिटांत त्याचा नाश केला जातो. पेशीच्या आनुवंशिक मजकुराला इजा पोहोचली, की हा नाश थांबतो आणि पी-५३ साचू लागते. मग ते पी-२१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावते आणि पी-२१ वर सांगितलेल्या सीडीके जातीच्या विकरांना रोखून धरते. त्यामुळे आरबीची पकड सुटत नाही आणि विभाजन लांबते. तेवढ्या अवधीत दुरुस्ती करणारी प्रथिने मजकूर नीट करतात. इजा दुरुस्तीपलीकडची असेल, तर पी-५३ त्या पेशीला मरण्याचा आदेश देते. रणरणत्या उन्हाने भाजलेली कातडी काही दिवसांनी सोलवटून निघते, तिच्यातील पुष्कळशा पेशी या आदेशानेच मेलेल्या असतात. त्या जगल्या असत्या, तर बिघडलेला मजकूर पुढे चालवीत राहिल्या असत्या.

हत्तीचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. माणसापेक्षा कितीतरी पट अधिक पेशी आणि दीर्घ आयुष्य असूनही हत्तींना कर्करोग क्वचितच होतो. २०१५ साली असे दिसून आले, की आफ्रिकी हत्तीत पी-५३ च्या जनुकाच्या सुमारे वीस जोड्या असतात, माणसात एकच. हत्तीच्या पेशीला थोडीशी इजा झाली, तरी ती दुरुस्तीच्या खटपटीत न पडता मरण पत्करते. माणसाला मात्र त्या एका जोडीवर जन्मभर भागवावे लागते, आणि माणसांच्या निम्म्याहून अधिक कर्करोगांत तीच बिघडलेली आढळते.

ती बिघडविण्यात माणसाचा स्वतःचाही हात असतो. तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीन हे द्रव्य पी-५३ च्या जनुकातील ठरावीक ठिकाणीच जाऊन चिकटते आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात नेमकी तीच ठिकाणे बिघडलेली असतात, हे १९९६ साली सिद्ध झाले. हत्यारावर बोटांचे ठसे सापडावेत, तसा हा पुरावा होता. महाराष्ट्रात धुरापेक्षा चघळण्याची आणि मिश्री लावण्याची सवय मोठी. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पानटपरीवर ती किती पाळली जाते, हे बाजारपेठेत वावरणाऱ्यांना सांगावयास नको.

आता पुन्हा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेकडे वळले पाहिजे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील काही पेशी गाय यांच्याकडे पोहोचल्या. त्या स्त्रीची परवानगी कोणी घेतली नव्हती. तोवर माणसाच्या पेशी बशीत काही दिवसांत मरून जात. या मात्र दर चोवीस तासांच्या आसपास दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी वारली. ‘हेला’ या नावाने तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

या पेशींचे पहारेकरी कोठे गेले? त्यांची पी-५३ आणि आरबीची जनुके तपासली, तेव्हा ती शाबूत आढळली. दरोडा पडला होता, पण कुलूप तुटलेले नव्हते. उत्तर मिळाले ते हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांच्या कामातून. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही असतो, हे त्यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये त्याचे सोळावा व अठरावा हे प्रकार वेगळे काढून दाखविले. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेला पेशींत अठराव्या प्रकाराचा विषाणू दडलेला होता. हा विषाणू दोन प्रथिने तयार करतो. ई-६ हे पी-५३ ला पकडून पेशीच्याच कचरापेटीत नष्ट करविते. ई-७ हे आरबीला जखडून निकामी करते. विषाणूला स्वतःच्या प्रती वाढवावयाच्या असतात आणि त्यासाठी पेशी विभाजनाच्या तयारीत असावी लागते. कर्करोग हा त्याच्या या उद्योगाचा अनपेक्षित परिणाम.

२००० साली झालेला एक प्रयोग हेन्रिएटाच्या मृत्यूला जवळजवळ अर्धे शतक लोटल्यानंतरचा आहे. हेला पेशींतील ई-६ आणि ई-७ यांची निर्मिती बंद पाडण्यात आली. पी-५३ पुन्हा साचू लागले, आरबीची पकड परतली, आणि अर्ध्या शतकात न थांबलेल्या त्या पेशी थोड्याच दिवसांत थांबल्या. पहारेकरी गेले नव्हतेच; त्यांना रोजच्या रोज मारले जात होते.

ही हकीगत बाल्टिमोरची असली, तरी तिचा एक महत्त्वाचा अध्याय नगर जिल्ह्याच्या सीमेलगत लिहिला गेला. जामखेडच्या पलीकडे भूम आणि परांडा हे धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुके. त्यांच्यालगत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी. या तीन तालुक्यांतील खेड्यांसाठी १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली आणि खेड्यातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे, याचे चित्र प्रथमच स्पष्ट झाले. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठी पाहणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. खेड्यांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत वाटणी झाली. एका गटातील स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, दोन गटांची अन्य पद्धतींनी, आणि चौथ्या गटाला प्रचलित व्यवस्थेवरच सोडले गेले.

आठ वर्षांनंतरचे आकडे २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. रोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या स्त्रिया पहिल्या गटात ३९, तर दुसऱ्यात ८२ होत्या. आयुष्यात एकदाच झालेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. जगातील गरीब देशांनी पुढे या आजारासाठी जी धोरणे आखली, त्यांत मराठवाड्यातील या खेड्यांतील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. त्या ६४ जणींचा विचार केल्याशिवाय मात्र हे आकडे वाचू नयेत. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्याच्याबाबत पुढे तीव्र टीका झाली आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही.

विषाणूला आधीच अडविणारी लसही आता उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. ती ९ ते २६ वर्षे वयासाठी असून विषाणूच्या चार प्रकारांविरुद्ध काम करते. त्यांत सोळावा आणि अठरावा हे दोन्ही येतात. गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांना हे दोनच प्रकार कारणीभूत असतात. विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वी, म्हणजे शाळकरी वयात ती घेतल्यास तिचा उपयोग सर्वाधिक. लग्नाच्या वयाला आलेल्या मुलीपेक्षा पाचवी-सहावीतल्या मुलीसाठी हा विचार व्हावयास हवा. पण ‘एवढ्या लहान मुलीला ही लस कशाला?’ हा प्रश्न घराघरात ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्या बहुधा घरातील वडीलधाऱ्या बायकाच असतात. लस घेतली, तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे.

पहारेकऱ्यांच्या कुळातील आणखी दोघांचा विषय व्यापारी कुटुंबांत अधिक नाजूक ठरतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने आनुवंशिक मजकुराचे तुटलेले दुहेरी धागे जोडण्याच्या कामात असतात. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली पहिल्याचा ठावठिकाणा सतराव्या गुणसूत्रावर दाखविला. १९९४ आणि १९९५ मध्ये दोन्ही जनुके हाती आली. यांपैकी एकाची बिघडलेली प्रत घेऊन जन्मलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साठ ते सत्तर टक्क्यांच्या घरात जाते, आणि अंडाशयाच्या कर्करोगाचीही पुष्कळ वाढते. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी असे आनुवंशिक कर्करोग शंभरात पाच-दहाच. म्हणून घरात एकीला आजार झाला, तर साऱ्या लेकीसुनांनी धास्ती घेण्याचे कारण नाही. सुनेचा तर सासूच्या जनुकाशी संबंधच नसतो. नातीचा असू शकतो.

आणि तो बापाकडूनही येतो. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. घराण्याचा इतिहास विचारला, की आई, मावशी, आजी यांचीच नावे सांगितली जातात. आत्याला चाळिशीत झालेला आजार सांगावयाचा राहून जातो. बिघडलेली प्रत असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. पुरुष बहुधा स्वतः निरोगी राहून ती मुलीला देतो. तथापि बीआरसीए-२ मध्ये पुरुषालाही प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो.

खरी अडचण मात्र विवाहसंबंधांच्या वेळी उभी राहते. स्थळ पाहताना घराणे, दुकान, शिक्षण, स्वभाव यांची बारीक चौकशी होते आणि नेमकी त्याच भीतीने दुखण्याची गोष्ट झाकली जाते. ‘मुलीच्या आईला कॅन्सर होता’ हे कळले तर स्थळ मोडेल, म्हणून आत्या ‘पोटाच्या विकाराने’ गेली असे सांगितले जाते. पंचवीस वर्षांनी त्याच मुलीला गाठ लागते, तेव्हा तिला घराण्यातील काहीही माहीत नसते आणि डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसते. सात पिढ्यांच्या उधारीच्या नोंदी जपणाऱ्या घरात दोन पिढ्यांच्या आजारांची नोंद सापडू नये, ही विसंगती गंभीर आहे. बिघडलेली प्रत कळलेली स्त्री हतबल नसते. तिच्यासाठी लवकरच्या वयापासून एमआरआयसह नियमित तपासण्या असतात. काही जणी विचारपूर्वक शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करतात. आजार झालाच, तर बीआरसीएच्या याच उणिवेचा फायदा घेऊन कर्करोगाच्या पेशी मारणारी ओलापॅरिबसारखी औषधेही आहेत.

आरबीच्या अभ्यासातूनही एक औषध आले. पाल्बोसिक्लिब हे सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना अडविते, म्हणजे आरबीची पकड सैल होऊ देत नाही. संप्रेरकांवर पोसणाऱ्या, पुढच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगात ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. २०२३ च्या प्रारंभी भारतातील त्याच्या पेटंटची मुदत संपली, देशी कंपन्या बाजारात उतरल्या आणि भाव कोसळले. बाजारभावाची ही उतरण ज्यांना जगण्याची काही वर्षे देऊन गेली, त्यांना आरबीचे नावही ठाऊक नसेल.

आनुवंशिक कर्करोगाची शंका असलेल्या कुटुंबांसाठी मुंबईत टाटा मेमोरियल केंद्राचा स्वतंत्र विभाग आहे. जनुकीय समुपदेशन मोठ्या शहरांतील अन्य रुग्णालयांतही मिळते. तेथे प्रथम वंशावळ मांडली जाते: दोन्ही बाजूंची, कोणाला कोणता आजार आणि कितव्या वर्षी. चाळिशी-पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात झालेला अंडाशयाचा कर्करोग, एकाच बाजूच्या दोन-तीन जवळच्या नातलगांना झालेला आजार, या गोष्टी तेथे सांगण्यासारख्या. शक्य असेल तर तपासणीची सुरुवात आजारी व्यक्तीपासून करतात. तिच्या रक्तात नेमका बिघाड सापडला, की बहिणी, लेकी, भाच्या, पुतण्या यांच्यात तेवढाच शोधला जातो. ज्यांच्यात तो नसतो, त्यांची घराण्यातून आलेली ही जोखीम उरत नाही आणि त्यांना इतर स्त्रियांप्रमाणे नेहमीच्याच तपासण्या पुरतात. आजारी व्यक्ती तपासणीविना निघून गेली, तर मागे राहिलेल्यांना नेमके काय शोधावयाचे, हे सांगणे डॉक्टरांनाही अवघड होऊन बसते.